बोअरच्या कडेने चिखल उकळतोय : हा चिखलाचा ज्वालामुखी आहे का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकलं तर सांगता येईल. पन्हाळ्याच्या पायथ्याला शेत आहे. चार वर्षांपूर्वी मारलेलं ३२० फुटांचं बोअर, वर फक्त २० फूट केसिंग (भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत घातलेला पाइप). बोअर मारताना ६०-७० फुटांवर लाल माती लागली होती असं वडील सांगतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी नवीन बोअर मारलं. जुलैच्या मध्यात पावसाची झड लागली आणि तेव्हापासून केसिंगच्या बाहेरून तांबूस-राखाडी चिखल बुडबुडत वर येतोय. आता दीड फूट उंच आणि सहाएक फूट रुंद ढीग झालाय. इंडोनेशियाचे व्हिडिओ गावभर फिरल्यामुळे ‘आपल्याकडं ज्वालामुखी उठतोय’ अशी बोलवा झाली आहे. घर ८० फुटांवर आहे, तेव्हा राहावं की हलावं, असं तुम्ही विचारताय.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हा चिखलाचा ज्वालामुखी नाही. कोल्हापूर जिल्ह्यात तो तयार व्हावा अशी जमीनच नाही. पण ज्वालामुखी नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका. चिखलाचा ढीग कसा दिसतो याने काहीच ठरत नाही. त्याला वर ढकलणारा दाब कुठून येतोय, यावर सगळं ठरतं. तुमच्या बाबतीत तो तीन-चार ठिकाणांहून येऊ शकतो. त्यातली दोन कारणं किरकोळ आहेत, आणि एक असं आहे की ते खरं निघालं तर आजच्या आज तहसीलदारांना फोन करावा लागेल. म्हणून आधी खरा चिखलाचा ज्वालामुखी कसा तयार होतो ते नीट सांगतो. ते कळलं की तुमच्या शेतात काय तपासायचं हे आपोआप कळेल.

नाव ज्वालामुखी असलं तरी त्यात सहसा लाव्हा नसतो, वितळलेला खडक नसतो. बहुतेक ठिकाणी चिखल हाताला थंड किंवा कोमट लागतो. लागतं ते दुसरंच काही : कित्येक किलोमीटर जाडीचा, भूशास्त्राच्या हिशेबाने कोवळा गाळ. नद्या समुद्रात गाळ आणून टाकतात. थर सावकाश साचले तर खालच्या थरातलं पाणी पिळून वर निघून जातं आणि माती घट्ट होते. पण गाळ भराभर साचला तर बारीक चिकण मातीतून पाण्याला निघायला वेळच मिळत नाही. वरून वजन वाढत जातं आणि पाणी आत अडकून पडतं.

दाबाचा हिशेब सोपा आहे. साध्या पाण्याच्या स्तंभाचा दाब दर १० मीटरला साधारण १ बार (दाब मोजायचं एकक) वाढतो, म्हणजे दोन किलोमीटर खोलीवर २०० बार. त्याच खोलीवर वरच्या सगळ्या खडकाचं वजन सुमारे ४५० बार भरतं. नेहमीच्या जमिनीत छिद्रांमधलं पाणी पहिल्या आकड्याजवळ असतं, कारण त्याला वर यायला वाट असते. अडकलेल्या पाण्याचा दाब मात्र दुसऱ्या आकड्याकडे सरकत जातो. तो वरच्या थराचं वजन पेलण्याइतका झाला की माती आतून फाटते, आणि पाणी, गॅस व चिखल मिळून वरची वाट धरतात.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, ती माती स्मेक्टाइट जातीची. ती पाणी धरून फुगते. हीच जात जमिनीत खोल गेली की ६० ते १५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तिचं रूपांतर इलाइट नावाच्या दुसऱ्या जातीच्या मातीत होतं आणि तिने धरून ठेवलेलं पाणी सुटतं. आधीच कोंडलेल्या जागेत आणखी पाणी. दुसरी भर मिथेनची. गाळातल्या सेंद्रिय पदार्थांपासून तो तयार होतो. चिखल वर येताना वरचा दाब कमी होत जातो, तसा गॅस फुगतो, मिश्रण हलकं होतं आणि वेग धरतं. बहुतेक चिखलाच्या ज्वालामुखींमधून निघणाऱ्या गॅसमध्ये मिथेनच सर्वांत जास्त असतो. शेवटचा धक्का बहुधा भूपट्टांच्या रेट्याचा. दोन बाजूंनी दाबला गेलेला गाळ वळ्या पडून वर उचलला जातो आणि वळीच्या माथ्यावर भेगा पडतात.

म्हणून हे ज्वालामुखी कुठेही उगवत नाहीत. कॅस्पियन समुद्राकाठच्या अझरबैजानमध्ये आणि लगतच्या समुद्रात मिळून साडेतीनशेच्या आसपास आहेत. भारतात बघायचा तर अंदमानात, बाराटांग बेटावर. तिथे भारतीय भूपट्ट खाली सरकतोय आणि त्याच्यावरचा गाळ खरवडून साठतोय. पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यावरही हेच. हिंगलाज देवीच्या यात्रेत भाविक आधी ज्या चंद्रगुपाला नारळ वाहतात, तो चिखलाचा ज्वालामुखीच आहे.

आता आपली जमीन बघा. पन्हाळा, जोतिबा, विशाळगड हा सगळा पट्टा बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. माथ्यावर जांभा. जिल्ह्याच्या दक्षिणेला बेसॉल्ट पातळ होतो आणि खालून कलादगीचे वालुकाश्म व त्याहून जुने खडक डोकावतात, पण ते अब्जावधी वर्षांच्या हिशेबातले, केव्हाच दगड झालेले. कोयना भागात रसाटीला शास्त्रीय अभ्यासासाठी खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये कोवळ्या गाळाचा थर नाहीच. जिथे कोंडायला गाळ नाही, तिथे कोंडलेला चिखल कुठून येणार?

‘कोयनेचा धक्का बसला तर?’ असंही तुमच्याकडे कोणीतरी म्हणालं, असं लिहिलंय. भूकंप चिखल तयार करत नाही. आधीच काठोकाठ आलेल्या दाबाला तो हलवतो, एवढंच. २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर बाराटांगचा ज्वालामुखी खवळला, कारण तिथे दाब तयार होता. २४ सप्टेंबर २०१३ ला बलुचिस्तानात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शेकडो किलोमीटर दूर ग्वादरजवळच्या समुद्रातून चिखलाचं एक बेट वर आलं. लाटांनी ते पुढच्या काही वर्षांत धुऊन नेलं. इकडे ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जीवितहानी झाली, जमिनीला भेगा पडल्या, पण चिखलाचा ज्वालामुखी उठला नाही, कारण हलवायला खाली काही नव्हतंच.

वाढ कशी होते, हाही तुमचा प्रश्न होता. एका मोठ्या डोंगरावर सहसा अनेक लहान तोंडं असतात. काही माणसाच्या उंचीचे शंकू, काही नुसती बुडबुडणारी डबकी. कोणतं काय होणार हे चिखलाच्या घट्टपणावर ठरतं. पातळ चिखल पसरतो आणि डबकं किंवा चपटी पोळी तयार होते. घट्ट चिखल पिठल्यासारखा रटरटतो, कडेला थापला जातो आणि शंकू चढतो. एकाच जागी पावसाळ्यात डबकं आणि उन्हाळ्यात शंकू असंही होतं, म्हणून आकार बदलला की धोका वाढला असं धरायचं नसतं.

हे रोजचं बुडबुडणं म्हणजे ज्वालामुखीची शांत अवस्था. डोंगर मोठा होतो तो अधूनमधून होणाऱ्या उद्रेकांनी. नळीतला चिखल वाळून बूच बसतं, खाली गॅस साठत जातो, आणि काही वर्षांनी किंवा दशकांनी बूच उडतं. त्या वेळी खोलवरच्या खडकांचे तुकडे मिसळलेला चिखल काही तासांत शेकडो मीटर पसरतो. असे थर हजारो वर्षं चढत गेले की डोंगर होतो. अझरबैजानमधले मोठे डोंगर ४०० मीटरच्या घरात जातात. उलटही होतं : आतला माल बाहेर पडला की खाली पोकळी राहते, माथा खचतो आणि गोल खड्डा पडतो. वाढ आणि खचणं एकाच वेळी चालू असतं, हे लक्षात ठेवा. तुमच्या बोअरच्या बाबतीत हेच कामाला येणार आहे.

धोके सगळे एका तोलाचे नाहीत. चिखलाचा लोंढा बहुतेक वेळा माणसाच्या चालीपेक्षा हळू असतो. घरं आणि रस्ते गाडले जातात, पण माणसाला पळायला वेळ मिळतो. २२ फेब्रुवारी १९९७ ला त्रिनिदादमधल्या पिपारो गावात असंच झालं. आग मात्र वेळ देत नाही. बूच उडताना सुटलेला मिथेन पेटला तर ज्वाळा शेकडो मीटर चढतात. बाकूजवळच्या लोकबातानला २००१ मध्ये अशी आग लागली होती, आणि ४ जुलै २०२१ ला कॅस्पियनमधल्या दाशली बेटावर भडकलेला जाळ दुरूनही दिसत होता. तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण जागा बघायला निरुपद्रवी असते. सिसिलीतल्या माकालुबे दी अरागोना इथे लोक फिरायला जायचे, गुडघाभर शंकू बघायचे. २७ सप्टेंबर २०१४ ला तिथली जमीन एकाएकी उसळली आणि दोन लहान मुलं चिखलाखाली गेली. चिखलाच्या तोंडाजवळ उभं राहून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

तुमच्या गावात फिरलेला व्हिडिओ इंडोनेशियातल्या पूर्व जावामधल्या सिदोआर्जोचा असणार. २९ मे २००६ ला गॅसच्या शोधासाठी चाललेल्या खोदाईपासून दोनेकशे मीटरवर चिखल फुटला. जोर शिगेला असताना दिवसाला १ लाख ८० हजार घनमीटर, म्हणजे १८ कोटी लिटर चिखल येत होता. सातेक चौरस किलोमीटर जमीन गेली, चाळीस हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. तिथला चिखल इतरांसारखा थंड नाही, तोंडाशी जवळजवळ उकळता असतो, म्हणून वाफेचे ढग दिसतात. कारणावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. दोन दिवस आधी, २७ मे ला, योग्यकर्ताजवळ ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. काहीजण त्याला दोष देतात. मला खोदाईचं कारण जास्त पटतं : तो भूकंप अडीचशेहून जास्त किलोमीटर दूर होता, त्याहून जवळचे आणि मोठे धक्के त्या भागाने आधी सोसले होते, आणि त्या विहिरीचा खालचा सुमारे १.७ किलोमीटर भाग केसिंगविना उघडा होता. खालचा दाब त्या उघड्या भागात शिरला की कच्चा खडक फाटून बाजूने वर येतो.

सिदोआर्जोच्या दोन गोष्टी तुमच्या शेतालाही लागू आहेत. पहिली : तोंड बुजवून दाब थांबत नाही. २००७ मध्ये तिथे साखळीने बांधलेले काँक्रीटचे गोळे शेकड्यांनी तोंडात सोडले, तरी चिखल थांबला नाही. दुसरी : चिखलाइतकीच हानी खचण्याने होते. नोव्हेंबर २००६ मध्ये जमीन खचून जवळून जाणारी गॅसची पाइपलाइन फुटली आणि त्या स्फोटात तेराएक माणसं गेली.

थोडक्यात, इथवरचा मुद्दा असा : खऱ्या चिखलाच्या ज्वालामुखीत दाब खोल गाळातून येतो, पाणी खारं असतं, गॅस बहुधा मिथेन असतो आणि चिखलात खोलवरच्या गाळखडकाचे तुकडे असतात. आता तुमच्या ढिगाकडे येऊ.

माझा पहिला अंदाज लाल मातीच्या थरावर आहे. लाव्ह्याचे दोन लोट वेगवेगळ्या वेळी आले, तर मधल्या काळात खालच्या लोटाचा माथा कुजून त्याची लाल चिकण माती झालेली असते. बोअरवाल्यांना हा थर चांगला माहीत असतो, कारण कोरडा असताना तो उभा राहतो आणि पाणी लागलं की ढासळतो. तुमचं केसिंग २० फुटांवर संपतं, लाल माती ६०-७० फुटांवर. म्हणजे तो थर चार वर्षं उघडाच आहे. शिवाय हा थर पाणी सहजी जाऊ देत नाही. डोंगरमाथ्यावरच्या जांभ्यात मुरलेलं पावसाचं पाणी खडकाच्या फटींतून उतरत त्याच्या खाली येऊन कोंडतं. त्या पाण्याची पातळी तुमच्या शेतापेक्षा नुसती १० मीटर उंच असली, तरी बोअरच्या तोंडाशी १ बार दाब मिळतो, आणि भिजलेली लाल माती ढकलून वर आणायला तो पुरेसा आहे. केसिंगच्या बाहेरची जागा सिमेंटने भरलेली नसेल, आणि बहुतेक बोअरना ती भरलेली नसतेच, तर चिखल नेमका केसिंगच्या बाहेरून येतो. तुम्ही तसंच लिहिलंय.

मग बुडबुडे कशाचे? पावसात भूजल वर चढतं तेव्हा खडकाच्या फटींतली हवा कोंडते आणि जिथे भोक असेल तिथून निघते. झड लागली की काही बोअर फुसफुसतात, ते यामुळेच. शेजारच्या बोअरचा संबंध असू शकतो, पण सरळ नाही. बोअर मारताना कॉम्प्रेसरची हवा फटींतून आजूबाजूच्या विहिरी-बोअरमध्ये जाते आणि तिथलं पाणी गढूळ होऊन उसळतं. मात्र ती हवा काही तासांत, फार तर काही दिवसांत निघून जाते. तुमचा चिखल पाच-सहा आठवड्यांनी सुरू झाला. म्हणजे ती हवा नव्हे. पण त्या खोदाईने दोन बोअरमधल्या फटी मोकळ्या केल्या असतील आणि लाल थर सैल झाला असेल, हे शक्य आहे.

दुसरी शक्यता कुजणाऱ्या पदार्थांच्या गॅसची. जवळ शेणाचा मोठा खड्डा, मळी किंवा मळीचं सांडपाणी सोडलेली जमीन, बुजवलेली जुनी विहीर असं काही असेल, तर तिथे तयार झालेला मिथेन बोअरमधून निघू शकतो. हा उथळ गॅस ज्वालामुखीइतकाच नीट पेटतो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते.

या सगळ्यात काय खरं हे घरच्या घरी बरंचसं कळतं. ढिगाच्या मधून, अगदी जिथून चिखल निघतोय तिथून, लांब दांड्याच्या डब्याने दोनेक लिटर चिखल काढा. त्यातला थोडा पारदर्शक बाटलीत घालून वर पाणी भरा, हलवा आणि ठेवा. वाळू आणि बारीक खडे मिनिटाभरात बसतात. लाल चिकण माती असेल तर पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. उरलेला चिखल बादलीत धुऊन चहाच्या गाळणीतून गाळा आणि गाळणीत राहिलेले कण उन्हात वाळवून भिंगाखाली बघा. काळ्या पाषाणाच्या धारदार चिपा, पांढरट चमकदार खनिजाचे तुकडे, तांबडे ढेकूळ, मुरूम दिसला तर माल तुमच्याच बोअरच्या बाजूचा आहे. खऱ्या चिखलाच्या ज्वालामुखीत इथे पापुद्रे सुटणाऱ्या राखाडी शेलचे (चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाचे) आणि वालुकाश्माचे तुकडे मिळाले असते.

पाणी निवळल्यावर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावा. आपल्याकडच्या बेसॉल्टमधलं पाणी सहसा काहीशे ते हजाराच्या आसपास दाखवतं. उसाच्या पट्ट्यात खतांमुळे थोडं जास्त. चिखलाच्या ज्वालामुखीचं पाणी अनेक हजारांत जातं, काही ठिकाणी समुद्राच्या पाण्याच्या जवळ. साधा थर्मामीटर धरून पाण्याचं तापमानही लिहून ठेवा. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याएवढंच आलं तर ते उथळ आहे.

गॅससाठी एक लिटरची बाटली पाण्याने काठोकाठ भरा, तोंडावर तळवा धरून ती बुडबुड्यांवर पाण्यातच उलटी करा आणि किती वेळात भरते ते बघा. झाकण पाण्यातच लावा. ही बाटली प्रयोगशाळेत तपासून घेता येते, आणि मिथेनसारखे चार गॅस एकदम मोजणारा मीटर असलेला माणूस मिळाला तर जागेवरच कळतं. काडी लावून बघू नका. व्हिडिओत लोक करतात म्हणून तर अजिबात नाही. जवळ विहीर असेल तर सध्या कोणी उतरू नका. कंदील सोडून हवा बघायची जुनी पद्धत मिथेनमध्ये स्फोट करू शकते. कुजक्या अंड्याचा वास देणारा वायू असेल तर काही वेळात नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो, म्हणून नाकावरही विसंबता येत नाही.

रोज सकाळी ठराविक वेळी चार नोंदी करा : ढिगाची उंची, शेजारच्या विहिरीची पाणीपातळी, पाऊस आणि मोटर चालू-बंद. ढिगात खुणा केलेली काठी रोवून एकाच जागेवरून फोटो काढा. पाऊस उघडल्यावर आठवडाभरात चिखल मंदावला तर दाब पावसाच्या पाण्याचा आहे, हे जवळजवळ पक्कं. मोटर चालू केल्यावर चिखल थांबत असेल तर तेही तेच सांगतं, कारण उपशाने दाब उतरतो.

तोवर काय करायचं? तोंड बुजवू नका. दगड-माती टाकून किंवा वर काँक्रीट ओतून फुटलेली जागा बंद केली तर चिखल दुसरीकडून निघेल, आणि ती जागा घराजवळची असू शकते. पाण्याला उताराकडे चर काढून वाट द्या. बोअरच्या तोंडावर हवा जाईल अशी मजबूत जाळी बसवा, म्हणजे लहान मूल किंवा जनावर अडकणार नाही, आणि हवाबंद झाकण लावू नका. आणि खचण्याचा हिशेब करा. सहा फूट रुंद, दीड फूट उंच ढीग म्हणजे साधारण १४ घनफूट, ४०० लिटर माल. पावसाने वाहून गेलेला वेगळा. तेवढी पोकळी बोअरभोवती कुठेतरी झालेली आहे. बोअरपासून निदान २० फुटांत ट्रॅक्टर नेऊ नका, मोटरची पेटी आणि खांब हलवा. ८० फुटांवरचं घर एवढ्याने खचेल असं मला वाटत नाही, पण ढीग रोज वाढत राहिला तर हे मत बदलावं लागेल.

कायमची दुरुस्ती पाऊस संपून पाणी उतरल्यावर, दिवाळीनंतर. मोटर काढायची, वरचे ८०-९० फूट रुंद करून घ्यायचे, कारण आताच्या भोकात केसिंग घालून बाजूने सिमेंट उतरवायला जागा उरत नाही. केसिंग लाल मातीच्या खाली पक्क्या काळ्या पाषाणात निदान १० फूट बसलं पाहिजे. बाहेरची फट सिमेंटच्या पातळ रबडीने भरायची, ५० किलोच्या पोत्याला २५ ते २८ लिटर पाणी. ती बारीक पाइपाने तळापासून वर भरत आणायची. वरून ओतली तर मध्येच अडकते आणि खाली पोकळी राहते. कमीत कमी तीन दिवस सुकू द्यायचं, मग कॉम्प्रेसरने बोअर धुऊन मोटर उतरवायची. बोअरवाला ‘एवढं केसिंग कशाला’ म्हणेल. फुटाचे पैसे वाचवायच्या नादात लाल थर उघडा सोडला, त्याचंच फळ तुमच्यासमोर आहे.

आता ज्यावर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, ते. शेताच्या वरच्या अंगाला पाझर तलाव, लघुपाटबंधाऱ्याचा तलाव किंवा कालवा आहे का? मातीच्या बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी उसळत असेल, तर बांधातली माती आतून धुऊन निघत असते. स्वच्छ पाणी पाझरणं एक वेळ चालतं, गढूळ पाणी चालत नाही. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्रीत फुटलं, आणि १ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच भुदरगडमधला मेघोलीचा तलाव. त्यामुळे तलाव वर असेल आणि त्याच्या पायथ्यापासून तुमच्या शेतापर्यंत आणखी कुठेही गढूळ उमाळा दिसला, तर चाचण्यांची वाट न बघता तलाठी, तहसीलदार आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा आणि खालच्या वस्तीला सावध करा.

तसंच डोंगराचं. जांभ्याखालची चिकण माती भिजली की उतार सुटतो, पन्हाळ्याचा रस्ता जुलै २०२१ मध्ये खचला ते तुम्ही जवळून पाहिलंच असेल. शेताच्या वर उतारावर नवी आडवी भेग, कललेली झाडं, बांध सरकलेला, घराचे दरवाजे एकाएकी घट्ट बसू लागलेले, नेहमीचा झरा अचानक गढूळ किंवा बंद झालेला, यातलं काहीही दिसलं तर पाऊस असेपर्यंत त्या घरात झोपू नका. बोअरचा चिखल तेव्हा दुय्यम होतो. घर हलवायचं की नाही याचं माझं उत्तर ढिगावर नाही, या खुणांवर अवलंबून आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज देऊन भूवैज्ञानिकांना जागा बघायला बोलवा. अर्जाला वरच्या नोंदी आणि फोटो जोडलेत तर त्यांचंही काम सोपं होईल. इथे पुढचं उत्तर देण्याआधी मला या गोष्टी हव्यात : वर तलाव आहे का आणि किती अंतरावर, उतारावर भेग आहे का, गाळणीतल्या खड्यांचा उजेडात काढलेला फोटो, टीडीएसचा आकडा आणि एक लिटरची बाटली भरायला लागलेला वेळ. पहिल्या दोन गोष्टी आजच कळवा, बाकीच्या दोन-चार दिवसांनी आल्या तरी चालतील.